कोठडीपासून तंबूपर्यंत : मनोरुग्णांच्या सोबतीचा इतिहास

मानसशास्त्राच्या पुस्तकांतून एक चित्र वारंवार छापले जाते. पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयाचे आवार आहे. मध्यभागी एक तरुण स्त्री उभी आहे आणि तिच्या अंगावरच्या साखळ्या सोडवल्या जात आहेत. शेजारी उभे राहून डॉ. फिलिप पिनेल हे पाहत आहेत. चित्राखाली बहुधा एवढेच लिहिलेले असते, की १७९५ साली पिनेलने मनोरुग्णांना बंधमुक्त केले.

हे चित्र टोनी रोबेर-फ्लरी या चित्रकाराने १८७६ साली काढले. म्हणजे दाखवलेल्या प्रसंगानंतर तब्बल ऐंशी वर्षांनी. प्रत्यक्षातली हकीकत थोडी वेगळी आहे आणि अधिक बोलकीही आहे. पिनेल १७९३ साली पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात रुजू झाला, तेव्हा तिथल्या मनोरुग्णांच्या विभागाची व्यवस्था झाँ-बाप्तिस्त प्युसँ नावाचा एक माणूस पाहत होता. तो डॉक्टर नव्हता. कातडी कमावण्याचा धंदा करणारा हा माणूस गंडमाळांच्या विकारावर उपचार घेण्यासाठी बिसेत्रमध्ये आला होता. बरा झाल्यावर तो तिथेच नोकरीला राहिला आणि पुढे त्या विभागाचा प्रमुख झाला. रुग्णांना मारहाण करायची नाही असा त्याचा नियम होता. मदतनीस नेमताना तो शक्यतो बऱ्या होत आलेल्या रुग्णांतून माणसे निवडी. कारण ज्याने स्वतः ते भोगले आहे, तो दुसऱ्यावर सहसा हात उगारत नाही. बिसेत्रमधल्या साखळ्या काढल्या त्या प्युसँने, १७९७ साली. तोपर्यंत पिनेल साल्पेत्रिएरला गेलेला होता. पिनेलचा मोठेपणा असा, की त्याने आपल्या ग्रंथात प्युसँचे श्रेय मोकळेपणाने नोंदवले. चित्रकारांना मात्र डॉक्टरच नायक म्हणून हवा होता.

साखळी कोणी तोडली, हा प्रश्न इतिहासात पुष्कळ चघळला गेला आहे. आपण या लेखात एक वेगळा प्रश्न घेऊ या. साखळी तुटल्यावर त्या माणसाच्या जवळ कोण राहिले? कोणत्याही साध्या दवाखान्यात रुग्णाला दाखल करताना परिचारिका पहिल्यांदा विचारते, "पेशंटबरोबर कोण आहे?" मनाच्या आजारात हाच प्रश्न विचारायला माणसाला फार काळ लागला.

गील गावातले पाहुणे

बेल्जियममध्ये अँटवर्प शहरापासून जवळ गील नावाचे एक गाव आहे. डिंफ्ना नावाच्या संत स्त्रीचे तिथे स्थान आहे. वेड्या झालेल्या बापाच्या हातून ती मारली गेली, अशी आख्यायिका आहे. म्हणून ती मनोरुग्णांची कैवारी मानली जाऊ लागली. मध्ययुगात दूरदूरचे लोक आपल्या घरातल्या रुग्णांना घेऊन तिथे येत. आपल्याकडे एखाद्या देवस्थानी किंवा दर्ग्यात घेऊन जातात, तसेच. देवळाला जोडून रुग्णांसाठी खोल्या होत्या, पण गर्दी वाढली तशा त्या अपुऱ्या पडू लागल्या. मग गावकऱ्यांनी रुग्णांना आपापल्या घरी ठेवून घ्यायला सुरुवात केली.

देवाचा गुण आला की नाही, हे सोडून देऊ. पण रुग्ण घरात राहिला, त्याच घरातले जेवला, जमेल ते शेतातले काम करू लागला आणि गावातल्या मुलांनी त्याला रोज पाहिले. पिढ्यान्‌पिढ्या हे चालल्यामुळे गावाची भीती गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरकारने ही व्यवस्था आपल्या देखरेखीखाली घेतली. डॉक्टर आले, छोटे रुग्णालय आले, यजमान कुटुंबाला ठरावीक मोबदला मिळू लागला. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गीलमध्ये ३७०० हून अधिक रुग्ण घरोघरी राहत होते. त्यानंतर ही संख्या खूप घटली, ती काही शेकड्यांवर आली. पण प्रथा बंद पडली नाही. २०२३ साली युनेस्कोने तिची दखल घेऊन वारसा जपण्याच्या उत्तम पद्धतींच्या यादीत तिचा समावेश केला.

गीलचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. तिथे नुसता चांगुलपणा नव्हता, व्यवस्थाही होती. घर होते, पण मागे डॉक्टर होता, मोबदला होता, आणि रुग्ण बिघडला तर नेण्यासाठी रुग्णालयही होते.

भिंती उंच झाल्या

इंग्लंडमध्ये यॉर्क शहराच्या वेड्यांच्या इस्पितळात १७९० साली हॅना मिल्स नावाची एक बाई मरण पावली. ती क्वेकर पंथाची होती. तिच्या पंथाच्या लोकांना तिला भेटूही दिले नव्हते. या घटनेने अस्वस्थ होऊन विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने १७९६ साली 'रिट्रीट' नावाचे निवासस्थान उघडले. तिथे सुमारे तीस रुग्णांची सोय होती. बाग होती, हाताला काम होते, सोबत जेवण होते. लोकांना ही कल्पना पटली आणि युरोप-अमेरिकेत नवी इस्पितळे भराभर उभी राहू लागली.

पण तीस माणसांसाठी जे जमते, ते दोन-तीन हजारांसाठी जमत नाही. शतक संपेपर्यंत या इस्पितळांचे अवाढव्य कोंडवाडे झाले. गावापासून दूर, उंच भिंतींच्या आत. साखळी गेली, कुलूप आले.

आपल्या देशात ही इस्पितळे इंग्रजांबरोबर आली. १८५८ साली त्यांच्यासाठी कायदा झाला आणि १९१२ साली दुसरा. दोन्ही कायद्यांचा भर समाजाचे 'धोकादायक' माणसापासून रक्षण करण्यावर होता. रुग्णाला आत पाठवण्याची मुख्य वाट मॅजिस्ट्रेटच्या हुकमाची होती, म्हणजे जवळजवळ कैद्यासारखीच. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही नावे मराठी माणसाच्या तोंडी कशी आली, हे आपण जाणतोच. "याला ठाण्याला पाठवा", "येरवड्याची गाडी बोलवा" हे विनोद शाळेच्या आवारातही ऐकू येतात. एखाद्या गावाचे नाव क्षयाच्या किंवा हृदयविकाराच्या दवाखान्यावरून असे शिवीसारखे वापरले गेल्याचे आठवते का? भिंत आपल्या भाषेतही उभी राहिली ती अशी.

१९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा अहवाल दिला. त्या वेळी सुमारे चाळीस कोटी लोकसंख्येसाठी मनोरुग्णालयांत जेमतेम दहा हजार खाटा होत्या. म्हणजे बहुतेक रुग्ण तेव्हाही घरीच होते. फक्त त्यांच्या घरच्यांना मदत करायला कोणी नव्हते.

अमृतसरचे तंबू

फाळणीनंतर जमीनजुमल्याची, कचेऱ्यांतल्या टेबल-खुर्च्यांची वाटणी झाली, तशी वेड्यांचीही झाली. १९५० साली लाहोरच्या मनोरुग्णालयातले शेकडो हिंदू आणि शीख रुग्ण अमृतसरला पाठवण्यात आले. सआदत हसन मंटो यांची 'टोबा टेक सिंह' ही कथा याच अदलाबदलीवर बेतलेली आहे. अमृतसरच्या रुग्णालयात आधीच जागा कमी, माणसे कमी. त्यात अनेक रुग्णांची घरे सीमेपलीकडे राहिलेली.

अशा रुग्णालयाचे अधीक्षक म्हणून डॉ. विद्यासागर काम पाहत होते. १९५० नंतरच्या त्या दशकात त्यांनी एक साधी गोष्ट केली. रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाच्या घरच्यांना सांगितले, "तुम्हीही इथेच राहा." आई, भाऊ, नवरा, बायको रुग्णाबरोबर तंबूत राहू लागले. त्याला जेवू घालणे, आंघोळ घालणे, औषध देणे, त्याच्या जवळ बसणे ही कामे ते करू लागले. डॉक्टर त्यांना एकत्र जमवून त्यांच्याशी बोलत. हा आजार म्हणजे काय, तो भूतबाधा किंवा पूर्वजन्मीचे पाप का नव्हे, पुन्हा त्रास सुरू होण्याची चिन्हे कोणती, घरात कसे वागावे, हे सारे समजावत.

याचा परिणाम तिहेरी झाला. एक तर आपल्याला टाकून दिले, ही रुग्णाची भीती गेली. दुसरे, शेजारच्या तंबूतला रुग्ण महिन्या-दोन महिन्यांत सावरून घरी निघालेला पाहून नातेवाइकांना आशा वाटू लागली. ती कोणत्याही भाषणाने वाटली नसती. आणि तिसरे, घरी परतणारे कुटुंब शिकून परतत होते. रुग्णालयात टाकून निघून जाणारे नातेवाईक पुन्हा येत नाहीत. जे कधी गेलेच नाहीत, त्यांना परत बोलवावे लागत नाही.

जगभर त्या काळी नातेवाईक म्हणजे उपचारातला अडथळा, असे समजले जाई. त्या पार्श्वभूमीवर हा प्रयोग फार वेगळा होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ साली सुरू केलेल्या मानसिक आरोग्य केंद्रात कुटुंबासह राहण्याची पद्धत आली आणि पुढे बंगलोरच्या राष्ट्रीय संस्थेतही कुटुंबासाठी वेगळा विभाग झाला. पैसा आणि मनुष्यबळ नव्हते, म्हणून निघालेली ही वाट होती. पण ती केवळ नाइलाजाची नव्हती, हे पुढे विज्ञानानेच दाखवून दिले.

औषध आले, दार उघडले, पण बाहेर कोण?

याच काळात औषधशास्त्रात मोठी उलथापालथ झाली. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवला. १९५२ साली पॅरिसमध्ये झाँ दले आणि पिएर डेनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले. भास, संशय, अनावर अस्वस्थता यांनी वर्षानुवर्षे ग्रासलेले रुग्ण शांत झाले, बोलू लागले. आपल्याकडच्या सर्पगंधेचाही या कथेत वाटा आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच तिच्या मुळीचा रक्तदाब आणि वेड यांवरील उपयोग प्रसिद्ध केला होता. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील आपले अनुभव जगापुढे मांडले. त्यानंतर तिच्यातले रेसरपिन हे द्रव्य काही काळ मनोरुग्णांसाठीही वापरात आले.

औषधांमुळे इस्पितळांची दारे उघडली. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. पुढच्या काही दशकांत ही संख्या झपाट्याने उतरली. पण ज्या प्रमाणात रुग्ण बाहेर आले, त्या प्रमाणात गावोगावी उपचार केंद्रे, घरे आणि कामधंद्याची सोय उभी राहिली नाही. पुष्कळ जण रस्त्यावर आले, काही तुरुंगात गेले. औषधाने दार उघडते, पण बाहेर कोणी वाट पाहत उभे नसेल, तर उघड्या दाराचा उपयोग काय?

लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न अभ्यासाला घेतला. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण सुधारून घरी गेल्यावर पुन्हा का बिघडतात? त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुटुंबातल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. ते रुग्णाबद्दल काय बोलतात आणि कोणत्या सुरात बोलतात, हे मोजले. सतत टीका, राग, किंवा अतिकाळजीने जखडून ठेवणे हे तीन धागे त्यांनी वेगळे केले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले, की अशा तापलेल्या वातावरणातल्या रुग्णांपैकी ५८ टक्के नऊ महिन्यांच्या आत पुन्हा आजारी पडले. शांत घरांतल्या रुग्णांत हे प्रमाण १६ टक्के होते. चंदीगडला १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तापलेल्या घरांचे प्रमाण लंडनपेक्षा पुष्कळ कमी आढळले.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. घरच्यांच्या वागण्याने स्किझोफ्रेनिया होतो, असा याचा अर्थ नाही. आजार मेंदूशी, आनुवंशिकतेशी आणि परिस्थितीशी निगडित असतो. शिवाय टीका बहुधा दुष्टपणातून येत नाही. ती थकव्यातून आणि अज्ञानातून येते. रात्र रात्र जागणाऱ्या, शेजाऱ्यांपासून तोंड लपवणाऱ्या आईचा तोल कधी तरी जाणारच. पुढच्या संशोधनात, कुटुंबाला आजाराची माहिती आणि आधार दिला, तर औषधांच्या जोडीने आजार उलटण्याचे प्रमाण घटते, असे दिसून आले. विद्यासागर तंबूंमध्ये जे करत होते, ते हेच.

एरवाडी आणि त्यानंतर

तरीही साखळी इतिहासजमा झाली नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. तिथले रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. पंचवीसहून अधिक माणसे पळता न आल्याने जळून मेली. त्यांना तिथे आणून ठेवणारे नातेवाईक निर्दय होते, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. त्यांच्यापैकी कित्येकांच्या जिल्ह्यात मानसोपचाराची सोयच नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. पुढे २०१७ साली मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला आणि २०१८ मध्ये तो लागू झाला. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास त्याने बंदी घातली. उपचार मिळणे हा हक्क मानला. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न समजता तो तीव्र ताणाखाली होता असे धरावे आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी, अशी तरतूद केली. १८५८ पासून कायदा 'रुग्णापासून समाजाला' वाचवत होता. आता तो रुग्णाची बाजू घेऊ लागला.

पण कायदा कोणाच्या घरी डबा घेऊन जात नाही. शेजारी टायफॉईड झाला तर आपण डबा पाठवतो, खुशाली विचारतो. स्किझोफ्रेनिया झाला तर वाट बदलून जातो. २०१५-१६ साली बंगलोरच्या राष्ट्रीय संस्थेने बारा राज्यांत केलेल्या पाहणीनुसार, वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. ही दरी फक्त मनोविकारतज्ज्ञांनी भरून निघणार नाही. तेवढे तज्ज्ञ देशात नाहीत.

म्हणून प्युसँची जुनी युक्ती पुन्हा कामी येत आहे. ज्याने भोगले, त्यानेच दुसऱ्याला हात द्यायचा. पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेले मित्रच नव्या रुग्णांना सांभाळू लागले. पुण्यातच डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांचे आधारगट ही तिच्या कामाची मुख्य रीत. 'माझ्याच घरात का?' हे वर्षानुवर्षे मनात दाबून ठेवलेले वाक्य तिथे मोठ्याने उच्चारता येते आणि समोरचा दचकत नाही. २००४ साली आलेल्या 'देवराई' या सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटाने हा आजार अनेक मराठी घरांत प्रथमच बोलण्याचा विषय केला.

गोव्यात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी डॉक्टर नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन आरोग्यकेंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले. नैराश्य आणि चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णांना त्या आजार समजावत, धीर देत, पाठपुरावा करत. गरजेप्रमाणे डॉक्टर औषध देत. सरकारी केंद्रांत या पद्धतीने सहा महिन्यांत ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. नेहमीच्या पद्धतीत ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे ही काही जादू नव्हे. कुठे, कोणासाठी, कशी मदत उपयोगी पडते, हे तपासतच पुढे जावे लागते.

शाळेशी याचा काय संबंध?

मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी बऱ्याच आजारांची सुरुवात किशोरवयात होते. म्हणजे तो विद्यार्थी तेव्हा आपल्या वर्गात बसलेला असतो. चांगले गुण मिळवणारी मुलगी एकाएकी मागे पडते. बडबड्या मुलगा सुट्टीत एकटाच बसू लागतो. कोणाची झोप उडते, कोणाला आपल्याबद्दलच सारे बोलत आहेत असे वाटू लागते. यातले प्रत्येक चिन्ह आजाराचे नसते. पण बदल काही आठवडे टिकला, तर तो आधी दिसण्याची शक्यता असलेल्या थोड्या माणसांत शिक्षक असतो.

शिक्षकाने निदान करायचे नाही, उपचारही करायचे नाहीत. त्याचे काम तंबूतल्या माणसाचे. एकांतात विचारावे, ऐकून घ्यावे, लगेच उपदेश करू नये. जगणे नकोसे झाल्याचे मुलाने बोलून दाखवले, तर ते लक्ष वेधण्याचे नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी घरच्यांना व डॉक्टरांना कळवावे. पालकांशी बोलताना दोष देण्याचा सूर नको, हे ब्राऊनच्या आकड्यांनी आपल्याला शिकवलेच आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करता येते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवायला खर्च नाही.

आणि वर्गात एक प्रयोग करून पाहावा. वरच्या इयत्तेतल्या मुलांना मनाच्या आजाराविषयी रोजच्या बोलण्यात येणारे शब्द, म्हणी आणि विनोद लिहून काढायला सांगावे. मग तितकेच शब्द मोडलेल्या हाताविषयी किंवा मलेरियाविषयी शोधायला सांगावे. दोन्ही याद्या शेजारी-शेजारी फळ्यावर लिहाव्यात. एक यादी लांबलचक होईल, दुसरी जवळजवळ कोरी राहील. असे का, याची चर्चा मुलांनाच करू द्यावी. त्या वर्गात एखाद्याच्या घरी असा रुग्ण असेल आणि त्याने ते कोणाला सांगितलेले नसेल. तास संपल्यावर तो बोलायला आला, तर थांबून ऐकायला आपल्याला वेळ असावा.